इथरची बाटली उघडण्याआधी

डायएथिल इथर पहिल्यांदाच वापरणार आहेस, तर आधी आगीचं बोलू. हा द्रव ३४.६ अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते तो) उणे ४५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे बाटली उघडली की पेट घेण्याजोगी वाफ तयार असतेच. ती हवेच्या अडीचपट जड, त्यामुळे टेबलावरून खाली, जमिनीलगत सरकते. लांबच्या बर्नरपाशी पेटली तरी ज्योत उलट तुझ्यापर्यंत येते. नीट तापलेली हॉटप्लेटही तिला ठिणगीशिवाय पेटवते. काम फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) कर, उष्णता फक्त गरम पाण्याची दे.

सेपरेटरी फनेल (एकमेकांत न मिसळणारे द्रव वेगळे करायचं तोटीचं भांडं) हलवताना आत साचलेल्या वाफेचा दाब वरचेवर सोडत राहा.

मला जास्त काळजी वाटते ती जुन्या बाटलीची. हवा आणि उजेडामुळे इथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात. ऊर्ध्वपातनात ते तळाशी साठतात आणि स्फोट होऊ शकतो. म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिही, ऊर्ध्वपातनाआधी पेरॉक्साइडची चाचणी कर, आणि भांडं कोरडं होईपर्यंत कधीच आटवू नकोस. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर बाटलीला हातही लावू नकोस, लगेच प्रयोगशाळाप्रमुखांना सांग.