देवाशी भांडणारा माणूस आणि गप्प झालेला माणूस

‘देवाले वाट्टेल तसं बोललो, पाप लागन का?’ यवतमाळकडच्या खेड्यांत हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. कधी माणूस स्वतःबद्दल विचारतो, बहुतेक वेळा घरचे विचारतात. घाटंजी तालुक्यातल्या एका सुनेने तिच्या सासऱ्यांबद्दल विचारला, तेव्हाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मी समुपदेशक. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी, म्हणजे आशा सेविकेने, तिला माझ्याकडे पाठवलं होतं. सासू आषाढात गेली. त्यात पावसाने दडी मारली, पराटी म्हणजे कपाशी उगवलीच नाही, दुबार पेरणी करावी लागली. बँकेची जुनी थकबाकी असल्यामुळे नवं पीककर्ज नाही. मग बियाण्याची उधारी कृषी केंद्रात आणि खताचे पैसे व्याजाने. सासरे रोज रात्री जेवण झालं की पारावरच्या मारुतीसमोर जाऊन मोठ्याने बोलायचे. ‘काहून बे बजरंगा, तुले दिसून नाही राह्यलं का? दोनदा पेरलं. आता काय हाडं पेरू?’ गावातली पोरं हसायची. एका शहाण्याने सांगितलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला, कोणा महाराजाकडे न्या.

सून म्हणाली, ‘सर, घराले बाधा तं नाही ना होनार? लेकरं हायेत घरात.’

मी विचारलं, जेवतात का? झोपतात का? शेतात जातात का? जेवण कमी होतं, झोपही अर्धवट, पण शेतात जात होते. म्हटलं, मग बोलू द्या. जनाबाईने विठोबाला कमी शिव्या घातल्या का? पाऊस लांबला की महादेवाची पिंड पाण्याखाली ठेवणारी आपलीच गावं. देवाला असं वेठीला धरलेलं चालतं, मग बायको गेलेल्या माणसाने जाब विचारला तर पाप कसलं? ज्याच्याकडून उत्तराची आशा आहे, त्याच्याशीच माणूस भांडतो. फक्त ते काय म्हणतात ते नीट ऐका आणि पुढच्या वेळी त्यांना घेऊन या, एवढं सांगून तिला पाठवलं.

पोळा झाल्यावर ती एकटीच आली, चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव. ‘मामाजी आता शांत झाले, सर. देवाले काई म्हनत नाहीत. पाया पडतात अन् येतात.’

आणखी काय बदललं, असं विचारलं तेव्हा एकेक बाहेर यायला लागलं. पोळ्याला त्यांनी बैलांच्या शिंगांना बेगड लावली नाही, वेसण मुलाच्या हातात दिली, ‘आता तूच पाह्य’ म्हणाले. पानठेल्यावरची उधारी चुकती केली. पत्र्याच्या पेटीतलं पासबुक आणि सात-बारा काढून सुनेला दाखवलं, कुठला कागद कुठे आहे ते समजावलं. तिला वाटलं, सासरे सावरले. मला ते निरवानिरव केल्यासारखं वाटलं. त्याच संध्याकाळी मी गावात गेलो.

बाजेवर बसलो. पावसापाण्याचं बोलणं झालं. मग सरळ विचारलं, ‘आबाजी, मरून जावं असं मनात येते का?’ असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती पुष्कळांना असते. तसं होत नाही. उलट विचारणारा भेटला की छातीवरचं ओझं थोडं उतरतं. ते बराच वेळ पायातल्या चपलेकडे पाहत राहिले. ‘येते. त्याले सांगून पाह्यलं, त्याने काई ऐकलं नाही. आता कायले बोलाचं? दवाईचा डबा कोठ्यात हाये.’

पहिलं काम त्या डब्याचं. फवारणीचं औषध त्याच रात्री शेजाऱ्याच्या कुलूपबंद खोलीत गेलं आणि फवारणी मुलाने करायची असं ठरलं. हे साधं वाटतं, पण असा झटका अनेकदा थोड्याच वेळात ओसरतो आणि तेवढ्या वेळात विष हाताशी नसलं तर जीव वाचतो. रात्री मुलगा त्यांच्याजवळ झोपला. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे घरच्यांना आधीच बजावलं, कारण आठवड्यात फरक नाही म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ. कर्जावर माझ्याकडे गोळी नव्हती. मुलगा कागद घेऊन बँकेत आणि कृषी केंद्रात जाऊन बसला, थोडी मुदत मिळाली. पूर्ण सुटलेलं नाही.

देवावरचा राग मी काढायला गेलो नाही. सत्रात बायकोबद्दल विचारलं, तेव्हा पहिल्यांदा रडले. म्हणाले, ‘तिच्यासाठी मागतलं होतं मी, सोतासाठी नाही.’ आमचं पुढचं सगळं काम या वाक्यापासून सुरू झालं.

तुमच्या घरात कोणी देवाला बोल लावत असेल, तर ‘असं बोलू नये’ म्हणून तोंड दाबू नका. शेजारी बसा. ‘मला उचल रे बाबा’ असं आलं, किंवा भांडणारा माणूस एकाएकी गप्प होऊन हिशोब मिटवायला लागला, तर त्याला सरळ विचारा आणि एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो, मराठीतूनही बोलता येतं. सासऱ्यांच्या साध्या फोनमध्ये सुनेने तो पहिल्या बटणावर टाकून दिला आहे.