ओव्हन नाही, गंजात (पातेल्यात) केलेला केळ्याचा ब्रेड मधे चिकट का राहतो?
केळी जास्त आणि आच मोठी, बहुतेकदा ही दोनच कारणं असतात. केळ्याच्या गरात जवळपास पाऊण हिस्सा पाणीच असतं, म्हणून २०० ग्रॅम कणकेला २५० ग्रॅमच गर घ्या. सोबत १०० ग्रॅम गूळ, ७० मिली तेल, ४ चमचे दही, पाऊण छोटा चमचा खायचा सोडा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की ढवळणं थांबवा, घोटलं की ब्रेड वातड होतो. जाड गंजात दोन बोटं वाळू घालून १० मिनिटं तापवा, मगच मिश्रणाचा डबा त्यात ठेवा. मंद आचेवर ५० ते ६० मिनिटं. पहिली ४० मिनिटं झाकण अजिबात उघडू नका. चुलीवर मात्र घड्याळ चालत नाही: जाळ काढून नुसत्या निखाऱ्यांवर ठेवा, थोडे झाकणावरही, आणि मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघेपर्यंत उतरवू नका.