शब्द नीट येत असूनही टाइप करताना त्याच त्याच चुका का होतात? त्या टाळायच्या कशा?

माझ्या हातून 'शाळा'चं 'साला' झालंय, त्यामुळे हे मलाच विचारा.

एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. सुट्टीची नोटीस टाइप केली: 'उद्या साला बंद राहील.' प्रिंट निघाली, सही झाली, फलकावर लागली. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, श आणि स मधला फरक तरी कळतो का?"

कळतो हो, सर. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायच्या कीबोर्डच्या एका मांडणीत, स आणि श एकाच बटणावर, ल आणि ळ शेजारच्या. शिफ्ट दाबली तर श आणि ळ, नाहीतर स आणि ल. त्या दिवशी डाव्या करंगळीनं दोन्ही वेळा दगा दिला. यात शुद्धलेखन कुठून आलं? आणि 'साला' हाही शब्दच, मग स्पेलचेक कशाला लाल रेघ ओढेल!

वेलांट्यांचंही तेच. पहिली 'एफ'वर, दुसरी बरोबर तिच्या डोक्यावर 'आर'वर, दोन्ही एकाच बोटाकडे. बोट वर सरकायचं राहिलं की 'पाणी'चं 'पाणि'. काना-मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं बहुतेक उजव्याकडे. डाव्यानं घाई केली की 'करा'चं 'कार'.

2010 साली गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प या मानसशास्त्रज्ञांनी सराईत टायपिस्टांवर प्रयोग केले. टायपिस्टाची चूक पडद्यावर गुपचूप दुरुस्त करून दाखवली, तरी तिच्यानंतर बोटं मंदावलीच. उलट पडद्यावर खोटी चूक घुसवली, तर माणसं ती आपलीच समजली, बोटं मात्र ढिम्म. म्हणजे त्या दिवशी माझीही बोटं अडखळली असणार. मी घड्याळाकडे बघत होते.

उपाय विचारताय, तर आपलं टाइप केलेलं आपणच लगेच तपासू नका. डोळे जे लिहायचं होतं तेच वाचतात. दुसऱ्या कुणाला तरी द्या. आणि ज्याची सही आहे त्यानं सहीआधी वाचावं. तेवढ्यासाठीच सही असते. सरांना हे तेव्हा बोलायचं राहून गेलं.

फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहीत असाल, तर वरची बटणं विसरा. तिथे फोन स्वतःच भलता शब्द घालतो. आणि हो, 'आशीर्वाद'चं 'आशिर्वाद' माझ्याकडून अजूनही होतं. ते मात्र बोटांमुळे नाही.