फीडचा सायलो आणि हरवलेले पावणेदोन टन

प्रश्न : सर नमस्कार, संगमनेरजवळ आमची पोल्ट्री आहे, पत्र्याचा सायलो, म्हणजे कोंबड्यांचं खाद्य (फीड) साठवायची उभी टाकी बसवलीय. व्यास २.१ मीटर, वरचा सरळ गोल भाग २.८ मीटर, खालचा निमुळता भाग टेपने भरला तर १.४ मीटर, तळाला ४२ सेंमीचं तोंड. आमचं फीड २० लिटरच्या बादलीत १२ किलो बसतं. माझ्या हिशोबाने पावणेनऊ टन मावायला पाहिजे, पण सायलो पूर्ण रिकामा करून भरला तरी ७ टनातच फुल. खाली जुनं फीड गठ्ठा होऊन चिकटलंय का? खोलून बघू का? मुलगी दहावीत आहे, ती म्हणते पप्पा तुमचं सूत्रच चुकलंय.

उत्तर : दादा, खोलू नका, पोरीचं बरोबर आहे.

तुम्ही बहुतेक २.८ आणि १.४ ची बेरीज करून ४.२ मीटर उंचीचा एकच सरळ डबा धरलात, त्याचे १४.५५ घनमीटर येतात आणि २० लिटरला १२ किलो म्हणजे घनमीटरला (१००० लिटरला) ६०० किलोने ८.७ टन. पण तुमचा सायलो म्हणजे दोन आकार एकावर एक ठेवलेत, त्यामुळे घनफळ वेगवेगळं काढायचं आणि मग बेरीज.

वरची वृत्तचिती सोपी आहे. त्रिज्या १.०५, तिचा वर्ग गुणिले २२/७ म्हणजे ३.४६५ चौरस मीटर, गुणिले २.८, झाले ९.७० घनमीटर.

खरी गंमत खाली आहे. तो शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू, दहावीच्या महत्त्वमापनात असतो तोच. तुम्ही टेप पत्र्यावर टेकवून धरला ना, मग १.४ ही तिरकस उंची झाली, घनफळाला ओळंबा सोडल्यावर येते ती सरळ उंची लागते. त्रिज्या १०५ वरून २१ सेंमीवर येते, फरक ८४, आता १४० च्या वर्गातून ८४ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा, ११२ येतात, म्हणजे उंची १.१२ मीटर. मग दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार यांची बेरीज १.३६७१, तिला १.१२ ने आणि २२/७ ने गुणून ३ ने भागलं की १.६० घनमीटर. तेवढ्याच उंचीचा सरळ डबा असता तर ३.८८ आले असते, निमुळता आकार डोळ्याला फसवतो तो असा!

एकूण ११.३१ घनमीटर, म्हणजे ६.७८ टन. मग तुमचे ७ कसे बसले? फीड वरून पडतं तेव्हा सपाट बसत नाही, मधे ढीग होतो, तोही शंकूच. ढीग फूटभर, म्हणजे ०.३ मीटर उंच धरला तर ३.४६५ गुणिले ०.३ भागिले ३, साधारण ०.३५ घनमीटर, म्हणजे अजून २०० किलो. झाले ७ टन. उद्या पूर्ण रिकामा करूनही ६ च्या आसपासच भरायला लागला तर मात्र खालचं तोंड उघडून बघा, पावसाळ्यात गठ्ठा होतोच.

आणि हो, तो १.४ मीटरचा आकडा खोडू नका, खालच्या भागाला बाहेरून रंग द्यायचा असेल तर तोच लागतो: २२/७ गुणिले १.४ गुणिले दोन्ही त्रिज्यांची बेरीज १.२६, साडेपाच चौरस मीटर. जोडावरची वर्तुळं यात धरायची नाहीत, तिथे ब्रश जाणार कुठून?