घरी कालवे आणि कॅव्हियारचा सुरुवातीचा पदार्थ नेटका कसा करावा?

आठ पाहुणे जेवायला येणार आहेत, जेवणाच्या आरंभी कालवे (म्हणजे ऑयस्टर हे शिंपल्यातले समुद्री जीव) आणि कॅव्हियार द्यायचे आहे, कालवे आजवर स्वतः कधी उघडलेली नाहीत आणि कॅव्हियारचा महागडा डबा वाया जाऊ नये, असा तुमचा प्रश्न आहे. मी व्यावसायिक स्वयंपाकी नाही, पण हा पदार्थ घरी बऱ्याच वेळा केला आहे आणि सुरुवातीला तो चांगलाच बिघडवलाही आहे. कालवे उघडणे हा सरावाचा भाग असून डझनभर उघडली की हात बसतो; पदार्थ फसतो तो बहुतेक वेळा मिठामुळे. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के क्षार असतात आणि कालवाच्या अंगातला द्रव भोवतालच्या पाण्याइतकाच खारट असतो. कॅव्हियार म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली गाभोळी. तिच्यातल्या ‘मालोसोल’ या उत्तम प्रतीचा रशियन अर्थच ‘कमी मिठाचे’ असा आहे, तरीही त्यात ३ ते ५ टक्के मीठ असते. म्हणजे तुम्ही एका खारट वस्तूवर तितकीच खारट दुसरी वस्तू ठेवणार आहात. बाकीची सगळी तयारी या एका गोष्टीकडे लक्ष ठेवून करावी.

त्याआधी पाहुण्यांना एक प्रश्न विचारावाच लागेल. कालव पाणी गाळून त्यातले अन्न खाते, त्यामुळे पाण्यातले जिवाणू आणि विषाणूही त्याच्या अंगात साठतात. कच्च्या कालवांतून नोरोव्हायरस आणि व्हिब्रिओ जातीचे जिवाणू पोटात जाऊ शकतात. यांपैकी व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांना जिवावर बेतणारा ठरू शकतो. गरोदर स्त्रियांनी आणि वृद्धांनीही कच्ची कालवे टाळावीत. लिंबाचा रस, तिखट सॉस किंवा सोबतची वाइन यांनी हे जंतू मरतात, हा समज निव्वळ चुकीचा आहे, आणि दूषित कालव वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. आठ जणांत असे कोणी असण्याची शक्यता बरीच असल्याने मी नेहमी काही कालवे कच्ची आणि काही पूर्ण शिजवलेली देतो. शिजवलेल्यांची कृती पुढे दिली आहे. खरे सांगायचे तर मला स्वतःला तीच अधिक आवडते.

आता निवड. कॅव्हियार ठेवायचे असेल तर लहान, खोलगट शिंपल्याचे आणि गोडसर चवीचे कालव घ्यावे. कुमामोटो हे मूळचे जपानी कालव यासाठी फार चांगले. पॅसिफिक कालवांपैकी नदीमुखाजवळच्या, कमी खाऱ्या पाण्यात वाढलेली कालवेही चालतात. युरोपातले चपटे कालव, ज्याला बेलाँ म्हणून ओळखतात, ते रसिकांचे लाडके असले तरी त्याची तांब्यासारखी धातुमय चव कॅव्हियारशी भांडते, म्हणून ते वेगळे, एकटेच खावे. उन्हाळ्यात प्रजननाच्या काळात कालव मऊ आणि दुधट होते, आणि अंडी सोडून झाल्यावर साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे अंगातला पिष्टमय साठा, संपल्यामुळे रोडावते. थंडीतले कालव भरलेले आणि गोड लागते ते याच ग्लायकोजेनमुळे. हल्ली गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली, प्रजनन न करणारी कालवेही शेतीत वाढवतात आणि ती बारा महिने चांगली मिळतात, त्यामुळे इंग्रजी नावात ‘आर’ अक्षर असलेल्या महिन्यांतच कालवे खावीत हा जुना नियम पूर्वीइतका काटेकोर राहिलेला नाही. विक्रेत्याला ती कोणत्या पाण्यातून आणि कोणत्या तारखेला काढली हे मात्र अवश्य विचारावे. माणशी तीन धरली तर चोवीस होतात. मी त्यावर चार जास्त घेतो, कारण एखाददुसरे मेलेले निघते आणि एखाददुसरे उघडताना चिरडते.

घरी आणल्यावर ती जिवंत ठेवायची आहेत, हे विसरू नये. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी ती स्वच्छ राहावीत म्हणून मोठ्या पातेल्यात नळाच्या पाण्यात बुडवून रात्रभर शीतकपाटात ठेवली आणि सकाळी निम्म्याहून अधिक कालवे तोंड उघडून मरून पडलेली होती. गोडे पाणी त्यांना मारते, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ती गुदमरतात. उथळ ताटात खोलगट बाजू खाली करून ठेवावीत, म्हणजे आतले पाणी सांडत नाही, वर ओले फडके पसरावे आणि ४ अंश सेल्सिअसच्या खाली, पण गोठू न देता ठेवावीत. अशी ती दोनतीन दिवस सहज टिकतात, तरी समारंभाच्या आदल्या दिवशीच आणलेली बरी. वापरण्याच्या वेळी वाहत्या गार पाण्याखाली ताठ ब्रशने घासून चिखल काढावा. ज्याचा शिंपला उघडा आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही, ते कालव टाकून द्यावे. येथे काटकसर करू नये.

उघडण्यासाठी स्वयंपाकघरातली धारदार सुरी घेऊ नका. कालवे उघडायची सुरी आखूड, जाड आणि बोथट असते, कारण तिचे काम कापण्याचे नसून उचकटण्याचे असते. जाड फडक्याची घडी करून तिच्यात कालव खोलगट बाजू खाली आणि बिजागरीचे निमुळते टोक आपल्याकडे येईल असे दाबून धरावे. शिंपला धरणाऱ्या हातात जाळीचा हातमोजा असेल तर उत्तम. सुरीचे टोक बिजागरीच्या फटीत घालून, जोर न लावता, कुलपात किल्ली फिरवावी तसे हळूहळू वळवत राहावे. टक् असा आवाज होऊन झाकण सैल होते. येथे नवशिके जोर वाढवतात, सुरी निसटते आणि तळहातात घुसते. फट सापडत नसेल तर ते कालव बाजूला ठेवून दुसरे घ्यावे. झाकण सैल झाल्यावर सुरी पुसून घ्यावी, कारण तिच्या टोकाला हमखास चिखल लागलेला असतो. मग पाते वरच्या झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटवून सरकवत न्यावे, म्हणजे झाकणाला धरून ठेवणारा स्नायू कापला जातो आणि मांसाला चीर पडत नाही. झाकण काढून टाकल्यावर खालून त्याच स्नायूचा देठ कापावा, शिंपल्याचा कच आत पडला असेल तर बोटाने काढावा आणि वास घ्यावा. ताज्या कालवाला फक्त समुद्राचा वास येतो. त्याखेरीज दुसरा कोणताही वास आला तर ते टाकावे. सुरुवातीला एका कालवाला दोन मिनिटे लागतात, म्हणजे सगळ्यांना मिळून जवळजवळ तास जातो, तेव्हा सोबत एक मदतनीस घ्यावा किंवा पाहुणे येण्याच्या आधी थोडे लवकर बसावे. उघडलेली कालवे बर्फाच्या चुऱ्यावर तासभर चांगली राहतात, त्याहून अधिक वेळ ठेवू नयेत.

कॅव्हियारच्या खरेदीत नावांना फार भुलू नये. स्टर्जनच्या सर्व जातींच्या व्यापारावर १९९८पासून साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे आणि आज बाजारात येणारे जवळजवळ सगळे कॅव्हियार शेतीतल्या माशांचे असते. बेलुगा जातीच्या स्टर्जनचे दाणे मोठे आणि मऊ असतात, ओसेत्राचे मध्यम आणि अक्रोडासारख्या चवीचे, सेव्रुगाचे बारीक आणि अधिक तीव्र. कालवाबरोबर मी सायबेरियन स्टर्जनचे घेतो. हा मासा लवकर प्रौढ होतो, त्यामुळे त्याचे कॅव्हियार तुलनेने स्वस्त असते. दाणे लहान असल्याने कालवाच्या मऊ मांसावर ते नीट बसतात. मोठ्या दाण्याचे उंची कॅव्हियार कालवाखाली दडपून टाकणे मला उधळपट्टी वाटते; ते साध्या ब्लिनीवर, म्हणजे लहान रशियन धिरड्यावर, स्वतंत्र द्यावे. ज्यांना स्टर्जनचा खर्च नको असेल त्यांनी ट्राउटची गाभोळी वापरावी. तिचे नारिंगी दाणे कालवावर शोभतात आणि चवीलाही सौम्य असतात. लम्पफिशची काळी रंगवलेली गाभोळी मात्र टाळावी, कारण तिचा रंग कालवावर ठेवायच्या सायीत उतरून सगळे करडे दिसू लागते.

डबा शीतकपाटाच्या सर्वांत थंड भागात ठेवावा, बर्फखान्यात मात्र नाही, कारण गोठल्यावर दाणे फुटून लगदा होतो. वाढण्याच्या दहा मिनिटे आधी काढून बर्फावर ठेवावा. चांदीच्या चमच्याने चव बिघडते. मोत्याच्या शिंपल्याचा, हाडाचा, लाकडाचा किंवा साधा प्लास्टिकचा चमचा घ्यावा. शिंपल्याचा चमचा दिसायला सुरेख असतो, पण प्लास्टिकच्या चमच्याने चवीत काही उणे येत नाही, तेव्हा केवळ त्यासाठी खरेदीला जाण्याची गरज नाही.

आता मिठाकडे परत येतो. कच्च्या कालवावर कॅव्हियार ठेवण्याआधी शिंपल्यातले खारे पाणी बहुतेक ओतून टाकावे. नुसते कालव खाताना जे पाणी आपण चवीने पितो, तेच येथे जड होते. मग मधे काहीतरी बिनमिठाचे, गार आणि किंचित स्निग्ध हवे. मी पाव लहान चमचा क्रेम फ्रेश, म्हणजे हलकीशी आंबवलेली घट्ट साय, कालवाच्या एका कडेला ठेवतो आणि सोललेल्या, बिया काढलेल्या काकडीचे अगदी बारीक, दोन मिलिमीटरचे तुकडे तिच्यावर पसरतो. त्यावर पाव लहान चमचा, म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम कॅव्हियार. या हिशेबाने तीस ग्रॅमच्या एका डब्यात चोवीस कालवे होतात. याहून जास्त घातले की पाहुणे पहिल्या घासाला वाहवा करतात आणि तिसऱ्या कालवाला पाण्याचा पेला शोधतात. वरून चाइव्ह्जचा (कांद्याच्या बारीक पातीसारख्या पाल्याचा) एखादा तुकडा पुरे. मीठ कुठेही घालू नये आणि लिंबू पिळू नये, आम्लाने दाण्यांची चकाकी जाते आणि त्यांची लोण्यासारखी नाजूक चव बुजते.

ज्यांना आंबट चव हवीच आहे त्यांच्यासाठी काही कालवे कॅव्हियारशिवाय ठेवून सोबत ‘मिन्योनेत’ हा व्हिनेगरचा सॉस द्यावा. दोन मोठे चमचे बारीक चिरलेले शॅलट (लहान, सौम्य कांदे), शंभर मिलिलिटर रेड वाइन व्हिनेगर आणि अर्धा लहान चमचा भरड मिरपूड एकत्र करून तासभर मुरू दिले की झाले. मिरी ताजी कुटलेली हवी.

शिजवलेल्या प्रकारात मिठाचा प्रश्न अधिक सोपा होतो, कारण लोणी तो सांभाळून घेते. दोन शॅलट बारीक चिरून शंभर मिलिलिटर कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये आणि एक मोठा चमचा व्हिनेगरमध्ये शिजवावेत, द्रव दोन चमचे उरला की आच अगदी मंद करून १२० ग्रॅम गार, बिनमिठाचे लोणी तुकड्यातुकड्याने फेटत घालावे आणि सॉस गाळून घ्यावा. हा सॉस उकळू दिला की फाटतो. हाताला कोमट-गरम लागेल इतपतच ठेवावा. दुसरीकडे घासलेली कालवे बंद शिंपल्यासकट, एकाच थरात, वाफेवर चार ते नऊ मिनिटे शिजवावीत, शिंपला उघडला एवढ्यावरच थांबू नये. जी उघडत नाहीत ती टाकून द्यावीत. कडा जेमतेम मुरडेपर्यंत वाफवलेले कालव जिभेला अधिक सुखद लागते हे खरे, पण ते कच्च्यात जमा धरावे आणि वर सांगितलेल्या पाहुण्यांना देऊ नये. वरचे झाकण काढून, आतले पाणी ओतून, एक चमचा सॉस घालावा आणि वाफ निघणे थांबल्यावरच कॅव्हियार ठेवावे. उष्णतेने दाणे पांढुरके आणि कडक होतात, मग पैसे कशासाठी घातले असा प्रश्न पडतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रेंच लॉन्ड्री या उपाहारगृहात तिथले शेफ टॉमस केलर यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘ऑयस्टर्स अँड पर्ल्स’ या पदार्थातही हेच तत्त्व दिसते: खाली साबुदाण्याचे मऊ, स्निग्ध साबायाँ (फेटलेल्या अंड्याच्या बलकाचा फेसाळ सॉस), त्यात कोमट कालवे आणि कॅव्हियार सगळ्यांत शेवटी. त्यातले ‘मोती’ म्हणजे साबुदाणाच, हे कळल्यावर मला उगाचच आनंद झाला होता.

वाढण्यासाठी उथळ ताटात बर्फाचा चुरा पसरून त्यात शिंपले रुतवावेत. बर्फ वितळून पाणी शिंपल्यात शिरत असेल तर जाड मीठ थोडे ओले करून त्याचा थर द्यावा. गरम कालवांना तर मिठाचाच आधार बरा. ते मीठ फक्त टेकूसाठी आहे, हे पाहुण्यांना सांगून ठेवावे. ब्लिनी करणार असाल तर त्या आधी करून कोमट ठेवाव्यात, पण कॅव्हियार लावणे हे सगळ्यांत शेवटचे काम, पाहुणे खुर्चीत बसल्यावरचे.

डब्यात थोडे उरले तर दाण्यांच्या पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा पातळ कागद दाबून झाकण लावावे आणि दोन दिवसांत संपवावे. मी ते दुसऱ्या दिवशी दुपारी गरम उकडलेल्या बटाट्याच्या चकतीवर, मधे उरलेल्या सायीचा थर देऊन, एकटाच खातो.