जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स नव्याने ऐकताय? ‘न्यू जॅझ कन्सेप्शन्स’ असा ऐका

हा १९५६चा, रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीचा, त्याच्या स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम. बासवर टेडी कोटिक, ड्रम्सवर पॉल मोशन. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बास गायब होतो आणि मग अर्धा अल्बम कळतच नाही. ध्वनिमुद्रण मोनो आहे. दोन्ही कानांत सारखंच ऐकू आलं तर हेडफोन बिघडलेला नाही.

सुरुवात ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ने करा. एकटा पियानो, जेमतेम सव्वा मिनिट, तीनचा ठेका. लगेच त्याचंच १९६१चं व्हिलेज व्हॅन्गार्ड या न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबमधलं रूप लावा: मुखडा तीनमध्येच, पण पुढे ठेका चारवर जातो. इथेच नवखे मोजायला चुकतात. बोटं सोडा, बास धरा.

‘फाइव्ह’ मात्र दमवेल. नाव पाच, ठेका चारचाच. आवर्तन ३२ बारचं (बार म्हणजे ठेक्याचा एक फेरा), आठ-आठचे चार तुकडे, तिसरा वेगळा. धून मुद्दाम आडवी जाते, म्हणून तिच्यावर टाळी देऊ नका. आधी सोलोत आवर्तन पक्कं करा, मग धूनकडे परत या.

अल्बममध्ये बीबॉप पियानोवादक बड पॉवेलची छाप भरपूर आहे. पुढचा तरल एव्हान्स इथे शोधत बसलात तर निराश व्हाल.