प्रोसेसरचा ‘गव्हर्नर’: नियंत्रक की नियामक?

लॅपटॉपवर लिनक्स वापरणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, प्रोसेसरचा वेग कमीजास्त करणाऱ्या ‘गव्हर्नर’ला मराठीत ‘नियंत्रक’ म्हणावे का, आणि ‘पॉवर सेव्हिंग’ला ‘शक्तिबचत’ म्हणणे योग्य ठरेल का.

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नियामक’ असे आहे. लिनक्समध्ये हे काम दोघांत वाटलेले असते. प्रोसेसरची वारंवारता, म्हणजे त्याच्या घड्याळाचे सेकंदाला पडणारे ठोके, किती असावी हे गव्हर्नर भार पाहून किंवा ठरलेल्या धोरणानुसार निश्चित करतो, आणि तो निर्णय प्रत्यक्ष प्रोसेसरपर्यंत पोहोचवतो तो ड्रायव्हर, म्हणजे प्रोसेसरशी थेट बोलणारा सॉफ्टवेअरचा भाग. जो नियमन करतो तो नियामक. ‘नियंत्रक’ हा शब्द ‘कंट्रोलर’साठी रुळलेला आहे, आणि संगणकात मेमरी कंट्रोलरपासून डिस्क कंट्रोलरपर्यंत त्याचे मानकरी आधीच पुष्कळ आहेत.

‘गव्हर्नर’ म्हटल्यावर आपल्याला राज्यपाल आठवत असले, तरी ही संज्ञा यंत्रशास्त्रातली आहे. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप आवळली जाई. भार बदलला तरी वॅटचा नियामक वेग स्थिर राखत असे, तर ‘ऑनडिमांड’ किंवा ‘शेडयुटिल’ हे प्रोसेसरचे नियामक भारानुसार वेगच बदलतात. हा फरक मोठा आहे, परंतु नियमन दोन्हीकडे असल्यामुळे शब्दाला बाध येत नाही.

‘शक्तिबचत’ मात्र मला पटत नाही. आपल्या शालेय परिभाषेत ‘पॉवर’ म्हणजे शक्ती आणि ‘एनर्जी’ म्हणजे ऊर्जा. शक्ती हा ऊर्जा खर्च होण्याचा दर आहे. बॅटरीत ५० वॅट-तास ऊर्जा असेल आणि लॅपटॉप सरासरी १० वॅटने ती वापरत असेल, तर ती पाच तास पुरते. आता प्रोसेसरची केवळ वारंवारता निम्मी केली, तर त्याच्या गणनेला लागणारी शक्ती निम्मी होते खरी, पण तेच काम दुप्पट वेळ चालते आणि त्यावर खर्च होणारी ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. खरी बचत होते ती कमी वारंवारतेला कमी व्होल्टेज पुरते म्हणून, कारण ही शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. शक्ती घटली म्हणजे ऊर्जा वाचलीच असे नसल्यामुळे ‘शक्तिबचत’ हा शब्द दिशाभूल करतो. ‘ऊर्जाबचत’ अचूक आहे. मेनूमध्ये मी ‘वीजबचत’ पसंत करीन, कारण तो घरोघरी बोलला जातो आणि अर्थानेही चुकत नाही.

याच ओघात एका शब्दाकडे लक्ष वेधतो, कारण त्याचा घोळ मला अधिक गंभीर वाटतो. ‘हाय परफॉर्मन्स’ या सेटिंगसाठी ‘उच्च कार्यक्षमता’ असे सहज लिहिले जाते. परंतु भौतिकशास्त्रात कार्यक्षमता म्हणजे दिलेल्या ऊर्जेतून किती उपयुक्त काम मिळाले याचे प्रमाण, आणि या सेटिंगमध्ये तर वेगासाठी जादा वीज खर्च करण्याची मुभा दिलेली असते. ‘उच्च कार्यक्षमता’ निवडल्यावर बॅटरी लवकर उतरली, तर वाचक चकित होणारच. त्या जागी ‘कमाल वेग’ असे साधे लिहावे.